आईचं म्हणणं आणि मुलाचं म्हणणं

पत्र

ताई, नमस्कार.

कराडजवळच्या एका गावात राहते. मुलगा बावीस वर्षांचा आहे, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. चालत नाही, बोलत नाही, पण कळतं त्याला सगळं. नको असलं की मान भिंतीकडे वळवतो, हवं असलं की डोळे मोठे करतो. मिस्टर एसटीत कंडक्टर आहेत. मी पतसंस्थेत कामाला होते, तो चार वर्षांचा झाल्यावर सोडलं.

गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या गावी बैठक होती. दिव्यांगांच्या योजनांमध्ये बदल करायचेत, सूचना मागवल्यात, असं आमच्या ग्रुपवर आलं. सासूबाईंना त्याच्याजवळ बसवलं आणि पहाटेच्या गाडीने गेले. दोन तासांनी नंबर लागला. मी म्हटलं, घरी सांभाळणाऱ्या माणसाचाही विचार करा. तर एक साहेब म्हणाले, ‘तुम्ही दिव्यांग आहात का? नाही ना? मग लेखी द्या.’ तेवढ्यात व्हीलचेअरवरचा एक तरुण मुलगा म्हणाला, ‘पालकांनी आमच्या वतीने बोलणं आता थांबवावं.’ साहेबांचं मला एवढं लागलं नाही. त्या मुलाचं लागलं. येताना गाडीत रडू आवरेना.

मला बोलायचा हक्क आहे की नाही? तो मुलगा बरोबर होता का? आणि लेखी द्यायचं तर काय लिहू? मिस्टर म्हणतात, असे कागद देऊन आजवर कुणाचं भलं झालंय?

— एक आई

उत्तर

प्रिय ताई,

हक्क आहे. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश बोलू.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा आपल्याकडचा मुख्य कायदा. त्यात सुरुवातीलाच, व्याख्यांच्या कलमात, ‘काळजीवाहक’ हा शब्द आहे. पैसे घेऊन किंवा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारी, तिला आधार आणि मदत देणारी कुणीही व्यक्ती. आई-वडील आणि घरातली माणसं त्यात धरलेली आहेत. म्हणजे तुम्ही पतसंस्थेची नोकरी सोडून गेली अठरा वर्षं जे करताय, त्याला कायद्याने नाव दिलंय. त्याच कायद्याचं कलम २४ सामाजिक सुरक्षेचं आहे. सरकारने कोणकोणत्या योजना कराव्यात याची तिथे यादी आहे, आणि त्या यादीत ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांग व्यक्तींसाठी ‘काळजीवाहक भत्ता’ स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. तुम्ही त्या बैठकीत जे बोललात ते विषयाला सोडून नव्हतं. कायद्यातलंच एक वाक्य तुम्ही आपल्या भाषेत म्हणालात.

त्याहून जुना एक कायदा आहे, १९९९ चा, राष्ट्रीय न्यासाचा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी केलेला. तुमचा मुलगा थेट त्यात येतो. या न्यासाच्या मंडळावर नोंदणीकृत संस्थांमधून जे सदस्य घ्यायचे, त्यांत तीन जागा पालकांच्या संघटनांना, तीन दिव्यांगांच्या स्वतःच्या संघटनांना आणि तीन स्वयंसेवी संस्थांना, अशी वाटणी कायद्यातच केली आहे. ज्या मुलांना स्वतःचं म्हणणं शब्दांत मांडणं अवघड जातं, त्यांच्या कायद्यात पालकांना वेगळी खुर्ची मिळाली ती आपोआप नाही. दिल्लीत मेरी बरुआ या स्वतः एका ऑटिस्टिक मुलाच्या आई. ऑटिझम त्या कायद्यात यावा म्हणून त्या आणि त्यांच्यासारखे पालक झगडले होते.

तेव्हा ‘तुम्ही दिव्यांग आहात का’ हा प्रश्न चुकीचा होता. पुन्हा कुणी विचारलंच, तर शांतपणे सांगा: नाही, मी काळजीवाहक आहे, २०१६ च्या कायद्यात माझी व्याख्या आहे.

आता त्या मुलाचं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं, आणि तुम्हाला आवडणार नाही असं थोडं बोलणार आहे.

तो बरोबर होता, ताई. सगळा नाही, पण बराचसा. त्याच्या जागी जाऊन बघा. लहानपणापासून डॉक्टर त्याच्याकडे न बघता आईला विचारतो, ‘याला काय होतंय?’ शाळेत मास्तर वडिलांशी बोलतात. बँकेत शिक्का मारणारा माणूस बरोबर आलेल्या भावाला म्हणतो, ‘यांची सही कुठे घ्यायची?’ असं वीस-पंचवीस वर्षं सोसून तो माणूस त्या बैठकीत पोचलाय आणि तिथेही आधी पालकांचाच आवाज चढतोय. त्याचं वाक्य तुमच्यावर नव्हतं, या सगळ्यावर होतं. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली. त्यात सरकारांनी दिव्यांगांविषयीची धोरणं ठरवताना दिव्यांगांशी, अगदी दिव्यांग मुलांशीही, त्यांच्या संघटनांमार्फत सल्लामसलत करावी असं लिहिलंय. त्या कराराची समिती २०१८ मध्ये आणखी पुढे गेली. पालकांच्या संघटनांना जागा आहे, पण त्यांचं काम मुलांना बोलतं करायचं. मुलांची जागा घ्यायचं नाही, असं समितीने सांगितलं.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. मला ते एसटीत कळलं.

माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. आई गेल्यावर तो माझ्याकडे आला. तो एका कार्यशाळेत जायचा, मेणबत्त्या करायला. कार्यशाळा तीनला सुटायची आणि माझं ऑफिस सहाला. मधल्या तीन तासांत माझा जीव टांगणीला. अशाच एका बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले, कार्यशाळांची वेळ सहापर्यंत वाढवा, माझा भाऊ तिथे इतका रमतो की त्याला घरी यावंसंच वाटत नाही. लोकांनी माना डोलावल्या. तो शेजारीच बसला होता. परतताना गाडीत खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘मला नाही आवडत. मेणाचा वास.’

मी खोटं बोलले नव्हते असं मला तेव्हा वाटत होतं. पण माझी गरज मी त्याच्या नावावर खपवली होती. मला तीन तास हवे होते. ते मागायची लाज वाटली, म्हणून ‘त्याला आवडतं’ असं म्हटलं. आपण बायका हे फार करतो. स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की जीभ अडखळते, मुलासाठी, भावासाठी, नवऱ्यासाठी मागायचं असलं की ती सरळ चालते. त्यात नुकसान दोघांचं होतं. त्याला कुणी विचारतच नाही, आणि माझी अडचण कुठल्या कागदावर येतच नाही.

म्हणून लेखी देताना ताई, दोन वेगळे कागद करा. एक तुमचा, एक त्याचा. हे एवढं केलंत तर तो व्हीलचेअरवरचा मुलगाही उद्या तुमच्या बाजूने बोलेल.

तुमच्या कागदात तुमचंच लिहा. पण ‘आमचे फार हाल होतात’ असं नको. टेबलापलीकडच्या माणसाने ते वाक्य हजारदा वाचलेलं असतं. एका दिवसाचा हिशेब लिहा. उद्या सकाळी उठल्यापासून वही जवळ ठेवा. त्याला किती वेळा उचललं, त्याचं वजन किती, एकटीने उचललं की कुणी धरलं. भरवायला किती वेळ लागला. डायपर दिवसाला किती, महिन्याला किती, गावात मिळतात की कराडहून आणावे लागतात. रात्री कितीदा उठलात. कूस बदलायला दर किती तासांनी उठता. तुमची कंबर, तुमचा खांदा, डॉक्टरला दाखवलंय का, आणि नसेल तर का नाही (उत्तर बहुतेक ‘त्याच्याजवळ कोण?’ असेल, तेच लिहा). नोकरी सोडली तेव्हा पगार किती होता. धोरण करणाऱ्यांकडे दिव्यांगांची टक्केवारी असते, कार्डांचे आकडे असतात. पण बावीस वर्षांच्या मुलाला रात्री दोनदा कूस बदलून द्यायला कोण उठतं, याची नोंद त्यांच्या कुठल्याच रकान्यात नसते. ती नोंद फक्त तुमच्याकडे आहे. म्हणूनच तुम्हाला विचारल्याशिवाय त्यांचं धोरण पुरं होत नाही.

शेवटी मागणी. एक किंवा दोन, जास्त नको. मी तुमच्या जागी असते तर पहिली मागणी कलम २४ मधल्या काळजीवाहक भत्त्याची केली असती, आणि केरळात ‘आश्वासकिरणम’ नावाच्या योजनेत घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्यांना महिन्याला ६०० रुपये देण्याची सोय आहे, हेही लिहिलं असतं. रक्कम छोटी आहे, मला माहीत आहे. पण एका राज्याने काळजी घेणाऱ्याच्या नावाने योजना केली, म्हणजे हे करता येतं, एवढं त्यातून दिसतं. एक सावधगिरी: कलम २४ ची सुरुवात ‘सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ अशा अर्थाच्या शब्दांनी होते. त्यामुळे उत्तर ‘तरतूद नाही’ असं येईल. त्यावर भांडण्यापेक्षा विचारा की मग येत्या अर्थसंकल्पात प्रस्ताव पाठवणार का. याच कलमात असंही आहे की दिव्यांगांना मिळणारी मदत तशाच इतर योजनांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी जास्त असावी. आणि तरी संजय गांधी निराधार योजनेत कायदा झाल्यानंतरही बरीच वर्षं सगळ्यांना सारखेच पैसे मिळत राहिले. दिव्यांगांचे दीड हजाराचे अडीच हजार व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. कायद्यात लिहिलेलं खात्यावर यायला किती वर्षं लागतात ते यातून बघा. मध्ये लोकांनी मागत राहावं लागतं, उपोषणं करावी लागतात.

दुसरी मागणी अगदी साधी करा: बैठक अशी ठेवा की काळजीवाहकांना येता येईल. जिल्ह्याच्या गावी, कामाच्या दिवशी, दोन तास ताटकळत ठेवून घेतलेल्या बैठकीत तुमच्यासारख्या किती जणी येऊ शकतील? ज्यांच्या घरी सासूबाई आहेत त्याच. ज्यांच्याकडे कुणी नाही, त्यांचं मत सगळ्यात आधी हवं आणि नेमकं तेच गळतं. तालुक्याला बैठक घ्या, फोनवर बोलायची सोय ठेवा, मसुदा मराठीत आधी पाठवा, असं लिहा. हा बदल करायला पैसाही फारसा लागत नाही.

आता त्याचा कागद. तुम्ही लिहिलंय की तो नको असलं की मान भिंतीकडे वळवतो. ताई, ते मत आहे. त्याला विचारता येईल असे प्रश्न शोधा. घरीच राहायचं की दिवसा कुठे चार जणांत जायचं? आंघोळ आईने घालायची की पुरुष मदतनीसाने? (बावीस वर्षांच्या मुलाला हा प्रश्न बहुधा कुणी विचारलेला नसतो.) नवी खुर्ची हवी की अंगणात उतरायला उतार? फोटो दाखवा, एका वेळी दोनच. वेगवेगळ्या दिवशी पुन्हा विचारा, बाजू बदलून विचारा, म्हणजे उजवीकडचाच फोटो निवडतोय असं तर नाही ना ते कळेल. एकदा तुमच्याऐवजी त्याच्या बाबांना विचारू द्या. मग कागदावर लिहा: आम्ही असं विचारलं, त्याने असं सांगितलं, आणि ही गोष्ट आम्हाला नीट समजली नाही. ते शेवटचं वाक्य टाळू नका. त्यानेच बाकीच्यावर विश्वास बसतो. आणि त्याचं उत्तर तुमच्या सोयीच्या विरुद्ध आलं, तरी तसंच लिहा.

मुंबईत १९७२ साली मिठू अलूर यांनी कुलाब्यात सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी शाळा सुरू केली, कारण त्यांच्या लेकीला, मालिनीला, घेईल अशी शाळाच नव्हती. तेव्हा आई बोलली म्हणून दार उघडलं. मालिनी चिब पुढे शिकल्या, स्वतः दिव्यांग हक्कांच्या कार्यकर्त्या झाल्या, स्वतःचं म्हणणं स्वतः मांडू लागल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मला वाटतं तुम्ही आणि तो व्हीलचेअरवरचा मुलगा याच गोष्टीच्या दोन टोकांना उभे आहात.

कागद कुठे द्यायचा, हेही सांगते, कारण इथेच बहुतेकांचे कागद वाया जातात. सरकारचे बदल दोन वाटांनी येतात. कायद्याखालचे नियम करायचे असतील तर सरकारला आधी मसुदा राजपत्रात छापून हरकती आणि सूचना मागवाव्याच लागतात. २०१६ च्या कायद्यात तशी अट आहे. केंद्राने २०२४ मध्ये यूडीआयडी कार्डाचे (दिव्यांगांच्या ओळखपत्राचे) नियम बदलले तेव्हा आधी मसुदा आला होता. तारीख गेली की दार बंद, म्हणून तशा मसुद्यावर मुदतीच्या आत लिहायचं. पण आपल्याकडे रोजच्या जगण्यावर परिणाम करणारे कितीतरी बदल शासन निर्णयाने होतात, ज्याला सगळे जीआर म्हणतात. त्याला सूचना मागवण्याची अशी सक्ती नसते. एक दिवस तो निघतो आणि आपल्याला ग्रुपवर कळतो. तेव्हा जीआर निघायच्या आधी, कुणी विचारलेलं नसतानाच बोलावं लागतं.

त्यासाठी पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. आयुक्तांना या कायद्याखाली केवळ तक्रार ऐकायचा नाही, तर एखादी योजना किंवा धोरण कायद्याशी विसंगत असेल तर ते दाखवून दुरुस्ती सुचवायचा अधिकार आहे, आणि त्यांनी शिफारस केली की संबंधित खात्याने तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. तुमचे दोन्ही कागद तिथे पाठवा, एक प्रत मुंबईला दिव्यांग कल्याण विभागाला. हा वेगळा विभाग ३ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. जिल्ह्यात कायद्यानुसार जिल्हास्तरीय समिती असायला हवी, तिच्या नावाने एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. हातोहात दिलं तर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घ्या. दोन महिने काही कळलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा: माझ्या अमुक तारखेच्या सूचनेवर काय कार्यवाही झाली? त्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर द्यायचं म्हणून का होईना, कुणीतरी तुमची फाइल उघडून वाचतं.

गावातही एक जागा आहे, तिच्याकडे आपलं लक्ष कमी जातं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मी पाहिलेल्या गावांत मार्चअखेर आली की ते घाईने सारखे वाटून मोकळे होतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांपैकी जी पुढची असेल तिथे उठून विचारा, यंदा किती रक्कम आहे आणि ती कशावर खर्च करायची हे आम्हाला आधी विचारणार का. तुमच्यासारखी आणखी दोन-तीन घरं गावात असतीलच. सगळ्यांनी मिळून ठरवलं, तर आठवड्यातले दोन दिवस पगारावर एक मदतनीस बाई ठेवता येतील का हे ग्रामसभेत मांडता येईल. सूचना लेखी द्या आणि ठरावात लिहून घ्या.

तुमच्या मिस्टरांना दोन गोष्टी सांगा. जुलै २०२० मध्ये, लॉकडाउन चालू असताना, २०१६ च्याच कायद्यातले काही गुन्हे तडजोडीने मिटवता यावेत असा बदल केंद्राच्या विचारात होता. चारचौघांत दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम अपमान करण्याच्या गुन्ह्याचाही त्यात समावेश होता. मत कळवायला जेमतेम दहा दिवस दिले होते. देशभरातून दिव्यांगांनी, पालकांनी, संघटनांनी पत्रांवर पत्रं पाठवली आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. दुसरी गोष्ट हिमाचल प्रदेशातली. दिव्यांग मुलाच्या एका नोकरदार आईला बालसंगोपन रजा नाकारली गेली. राज्याच्या नियमांत ती रजाच नव्हती. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने राज्याला मुख्य सचिवांची समिती नेमून या धोरणाचा फेरविचार करायला सांगितलं, समितीत दिव्यांग आयुक्तांनाही घ्यायला लावलं. पुढे राज्याने नियम बदलून अशा सगळ्या आयांना ती रजा दिली. तिने मुलाच्या नावाने काही मागितलं नव्हतं, ताई. स्वतःची रजा मागितली होती.

एक राहिलं, ते थोडक्यात. मुलगा अठरा पूर्ण होऊन गेलाय. बँकेत, दवाखान्यात त्याच्या वतीने सही करताना अडचण येत असेल, तर राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. त्याच न्यासाची ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजनाही आहे. काढली नसेल तर काढून घ्या. मात्र पालकत्वाचं प्रमाणपत्र हातात आलं म्हणून त्याला विचारणं थांबवू नका.

पुढच्या बैठकीला जाल तेव्हा जमलं तर त्यालाही न्या. आणि तो व्हीलचेअरवरचा मुलगा दिसला तर त्याच्याशी स्वतःहून बोला. त्याला तुमचा दुसरा कागद दाखवा, तुमच्या मुलाचा. कसं विचारलं, काय काय चुकलं असेल, हे त्यालाच विचारा. तुमच्या-माझ्यापेक्षा त्याला ते जास्त कळेल.

सासूबाईंना नमस्कार सांगा. त्या बसल्या म्हणून तुम्ही जाऊ शकलात; त्यांचेही तास त्या वहीत लिहा. आणि आंघोळीचा प्रश्न विचारून झाला की मला नक्की कळवा, मान कुठे वळली ते.

तुमची,
ताई